पिसलेल्या चाचण्या

सकाळी सव्वानऊला पडद्यावर एक लाल ओळ उमटली, आणि तिला वाटलं, आपणच काहीतरी भलतं बटण दाबलं.

ऑफिसात तिला सगळे तपासनीसबाई म्हणत. वय बेचाळीस. काम एकच, प्रोग्रामर मंडळी जे लिहितात ते लोकांच्या हातात पडण्याआधी मोडतं का ते बघायचं. कंपनी छोटी, इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, अकरा माणसांची. इस्पितळांसाठी त्यांचं एकच सॉफ्टवेअर होतं. नर्सने पेशंटचं वजन भरायचं, औषध निवडायचं. मग सॉफ्टवेअर डोस काढतं आणि सलाइनच्या पंपाने किती वेगाने चालायचं ते ठरवतं. लहान मुलांच्या वॉर्डात तर त्याच्यावाचून पान हलत नसे.

या सॉफ्टवेअरसाठी तिने सात वर्षांत सहाशे बारा चाचण्या एकेक करून जमवल्या होत्या. एक बटण दाबलं की संगणक आपला आपण त्या चालवी, अकरा मिनिटांत संपवी, आणि पास झालेल्या प्रत्येकीपुढे हिरवी खूण करी. सातही वर्षं त्या एकाच क्रमाने चालत आल्या होत्या. पण वॉर्डात कोण क्रमाने वागतं, असं गेल्या आठवड्यात तिच्या मनात आलं. म्हणून त्या सकाळी तिने एक नवी सोय चालू केली. पत्ते पिसावेत तशा चाचण्या पिसायच्या आणि दर वेळी वेगळ्याच क्रमाने चालवायच्या.

पहिल्याच फेरीत एक नापास.

चाचणी साधी होती. वजन भरलेलं नसेल तर सॉफ्टवेअरने डोस काढायला नकार द्यायचा. त्याने नकार दिला नव्हता. डोस काढून मोकळं झालं होतं.

तिने गडबडीत पडद्यावरची खिडकी बंद केली आणि पुन्हा फेरी लावली. सगळ्या हिरव्या. पुन्हा लावली. पुन्हा हिरव्या.

तेव्हा कुठे तिला आपण काय घोळ घातला ते कळलं. प्रत्येक पिसणीला संगणक एक नंबर देतो, आणि तो नंबर पुन्हा दिला की अगदी तोच क्रम लागतो. नापास फेरीचा नंबर तिने टिपून घेतला नव्हता. तो त्या बंद केलेल्या खिडकीबरोबर गेला. आणि दुपारी चार वाजता सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती एकोणीस इस्पितळांत जायची होती.

शेजारच्या टेबलावर मुख्य प्रोग्रामर बसायचा. आग लागली तरी आधी हातातली कॉफी संपवेल असा माणूस, म्हणून त्याचं नाव पडलं होतं शांतोबा. तिने त्याला सगळं सांगितलं.

"बाई, तुम्ही त्यांना पिसलंत, त्या पिसाळल्या," तो हसत म्हणाला. "असं होतं हो. एक चाचणी मागे पसारा ठेवून जाते, दुसरी त्यात अडखळते. दोष चाचण्यांचा. प्रोग्रामचा नाही."

"कशावरून?"

"अहो, हाच प्रोग्राम तीन वर्षं बाहेर चालतोय. कुणाची तक्रार आली का?"

ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली. कंपनीकडे तक्रार आली नव्हती, हे खरं. पण तिच्या कानावर आली होती, आणि तीही घरातच.

तिच्या दादाची बायको, तिची वहिनी, चौदा वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स होती. दोन महिन्यांपूर्वी तिच्या हातून एका नऊ किलोच्या बाळाला तेवीस किलोच्या मुलीचा डोस लागला. डॉक्टर फेरीवर आले म्हणून दहाव्या मिनिटाला पंप बंद झाला. बाळ दोन दिवस गुंगीत राहिलं, तिसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन रडलं, आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण वहिनीला लेखी जाब विचारला गेला. चौकशी संपेपर्यंत तिला वॉर्डातून काढून साहित्याच्या स्टोअरमध्ये बसवलं. वजन मी भरलंच नव्हतं, ते आधीच तिथे होतं, असं ती कळवळून सांगत राहिली. पण नोंदीत तेवीसचा आकडा तिच्याच नावावर दिसत होता.

त्या आठवड्यात सगळे दादाकडे जेवायला बसले असताना ती वहिनीला म्हणाली होती, "वहिनी, घाईत भरलं असेल तुम्ही, आणि लक्षात राहिलं नसेल. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये वजन आपोआप येत नाही. त्याची चाचणी आहे माझ्याकडे."

वहिनीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ताटं उचलून आत गेली. त्यानंतर दोघींत कामापुरतंच बोलणं होत होतं.

आता तीच चाचणी लाल झाली होती.

तिने फेऱ्या लावायला सुरुवात केली. अकरा मिनिटं थांबायचं, हिरव्या खुणा मोजायच्या, पुन्हा बटण. चौथी फेरी हिरवी. पाचवी हिरवी. एरवी हिरवा रंग दिसला की तिला बरं वाटायचं. आज हिरवी फेरी म्हणजे अकरा मिनिटं वाया. मधेच वाटे, खरंच चाचण्यांचाच दोष असेल तर बरंच की. मग बाळ आठवे, आणि आपण नेमकं काय मागतोय याचीच तिला लाज वाटे.

अकरा वाजून पन्नास मिनिटांनी लाल ओळ आली. तिने आधी नंबर तळहातावर पेनाने लिहिला, मग कागदावर, मग स्वतःशीच मोठ्याने म्हटला. तोच नंबर देऊन पुन्हा फेरी लावली. लाल. पुन्हा लाल.

आता शांतोबाही खुर्ची ओढून शेजारी आला. नापास चाचणीच्या आधी चाललेल्या चाचण्यांतल्या निम्म्या त्यांनी वगळल्या, मग उरलेल्यांतल्या निम्म्या, असं करत करत एकच संशयित उरली. तिच्यात नर्स एका मुलाचं वजन भरते आणि नोंद पूर्ण न करता 'मागे' दाबते. तेवढं झालं की पुढच्या मुलाच्या खात्यात आधीचं वजन तसंच राहत होतं. जुन्या क्रमात नापास झालेली चाचणी चाळिसावी होती आणि ही संशयित पाचशे ऐंशीच्या पुढची. सात वर्षांत एकदाही ही आधी आणि ती नंतर असं घडलं नव्हतं. पिसल्यावरही दोघींच्या मधे काही ठरावीक चाचण्या आल्या की ते वजन पुसलं जाई, म्हणून इतक्या फेऱ्या हिरव्या गेल्या.

"आता हातानं करून बघू," शांतोबा म्हणाला.

कोपऱ्यात एक खरा पंप ठेवलेला होता. त्याने खाट एकवर तेवीस किलो भरले, 'मागे' दाबलं, मुख्य पानावर गेला, तिथून खाट दोन उघडली. वजनाचा चौकोन रिकामा होता.

"बघा," तो म्हणाला, आणि त्याला हायसं वाटल्याचं तिला आवाजावरूनच कळलं. "माणूस मुख्य पानावरून जातो. तिथे सगळं पुसलं जातं. चाचणी थेट उडी मारते. खऱ्या जगात हे होतच नाही."

घड्याळात एक वाजून गेला होता. तिने फोन उचलला आणि जिन्यात गेली. वहिनीचा नंबर लावला.

"हं, बोल."

"वहिनी, एक विचारायचंय. त्या दिवशीचं."

"आता काय राहिलंय विचारायचं?"

"तुम्ही नेमकी कुठली बटणं दाबलीत, तेवढंच. आठवत असेल तर."

"आठवत असेल तर?" वहिनी कोरडं हसली. "अगं, रोज तेच आठवतंय. तीन नंबरच्या खाटेवरच्या मुलीचं वजन भरत होते. तेवढ्यात चार नंबरच्या बाळाचा पंप ओरडायला लागला. मी मागे आले आणि पुढच्या खाटेवर गेले."

"मुख्य पानावरून?"

"मुख्य पानावर जायला वेळ कुणाला आहे? खाली बाण असतो ना, तो दाबला की थेट पुढची खाट. वॉर्डात सगळ्याच तसं करतात. चार नंबर उघडलं तर वजन होतंच तिथे. मला वाटलं, आधीच्या पाळीतल्या नर्सने भरलं असेल. त्या घाईत आकड्याकडे मी नीट बघितलं नाही, तेवढी चूक माझी." ती थांबली. "का विचारतेयस?"

"संध्याकाळी येऊन सांगते," ती म्हणाली. तिने फोन ठेवला.

ती धावतच आत आली. "बाण दाबून बघा. मुख्य पान नाही. बाण."

शांतोबाने खाट तीनवर तेवीस भरले, 'मागे' दाबलं, मग बाण. खाट चार उघडली. चौकोनात तेवीस होते. त्याने औषध निवडलं आणि पंपाची मोटर गुरगुरत सुरू झाली. दोघं त्या फिरणाऱ्या चाकाकडे बघत राहिले. मग त्याने हळूच पंप बंद केला.

"बाण मी घातला होता," तो म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी. नर्सेसचा वेळ वाचावा म्हणून. आणि विसरूनही गेलो."

"आणि तपासून सही मी केली होती."

कंपनीचे मुख्य साहेब दुपारचं जेवण उरकून नुकतेच केबिनमध्ये आले होते. दोघांनी उभ्याउभ्याच सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, मग टेबलावरची पिन एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवली.

"नवी आवृत्ती थांबवू. ते ठीक," ते म्हणाले. "पण बाहेर जे चालू आहे... ते कळवायच्या आधी मला वकिलांशी बोलायला हवं. एक-दोन दिवस द्या मला."

"साहेब, आत्ता आपण बोलतोय तेव्हाही कुठेतरी कुणीतरी बाण दाबत असेल."

"मला कळतंय ते, बाई. पण कंपनी बुडाली तर तुमच्यासकट सगळे रस्त्यावर येतील."

आयुष्यात साहेबांपुढे ती कधी अडून बसली नव्हती. "तुम्ही वकिलांना फोन लावा," ती म्हणाली, "तोवर मी इस्पितळांना लावते."

एवढं बोलून ती बाहेर आली, यादी उघडली आणि पहिला नंबर फिरवला. बाण वापरू नका, प्रत्येक मुलाचं वजन डोळ्यांनी बघितल्याशिवाय पंप चालू करू नका, बिघाड आमच्याकडे आहे. शांतोबा दुसऱ्या फोनवर यादीच्या मधून सुरू झाला. तिसऱ्या फोननंतर तिच्या टेबलापाशी सावली पडली. साहेब उभे होते. आता काढून टाकणार, असं तिला वाटलं.

"शेवटची सहा माझ्याकडे द्या," साहेब म्हणाले. "त्यांचे वॉर्डप्रमुख माझ्या ओळखीचे आहेत."

अठरा इस्पितळांत चार वाजायच्या आत निरोप पोचला. एकोणिसाव्या ठिकाणी कुणी फोनच उचलेना. ती दर दोन मिनिटांनी लावत राहिली. शेवटी चार पंचवीसला एका दमलेल्या आवाजाने फोन घेतला, सगळं लिहून घेतलं, आणि म्हणाला, "तरीच. आमच्याकडे मागच्या महिन्यात एक विचित्र आकडा आला होता. आम्ही वेळेवर बघितला म्हणून." तिने फोन ठेवला, एक पत्र लिहिलं आणि सहीला साहेबांकडे नेलं.

संध्याकाळी वहिनीची पाळी सुटायच्या वेळेला ती इस्पितळाच्या स्टोअरमध्ये गेली. वहिनी हातमोज्यांची खोकी मांडत होती. तिने वहिनीच्या हातात कंपनीचं पत्र दिलं. दोष सॉफ्टवेअरचा आहे, नर्सने वजन भरलेलं नाही, खाली साहेबांची सही आणि तिची.

वहिनीने ते दोनदा वाचलं आणि एका खोक्यावर बसली.

"मला स्वतःचाच संशय यायला लागला होता," ती म्हणाली. "वाटायचं, हे सगळे शहाणे लोक म्हणतायत तर मीच भरलं असेन. घरी मीठ घालतानासुद्धा दोनदा बघायचे, आपण खरंच घातलं का."

"वहिनी, मी तेव्हा जे बोलले..."

"बोललीस. सगळ्यांसमोर बोललीस." वहिनीने पत्राची नीट घडी घातली. "बाकीच्यांचं मला काही वाटलं नाही गं. तू मात्र मला एकदा तरी विचारायला हवं होतंस. आज विचारलंस तसं."

तिने खाली वाकून उरलेली खोकी उचलली आणि वहिनी सांगेल तिथे ठेवत गेली.

चौकशी अकराव्या दिवशी संपली आणि वहिनी मुलांच्या वॉर्डात परत गेली. दुरुस्त केलेली आवृत्ती त्याआधीच सगळीकडे पोचली होती. दोन इस्पितळांनी कंपनीचं काम सोडलं. तपासनीसबाईला आणि शांतोबाला लेखी खुलासा द्यावा लागला. नोकरी राहिली. चाचण्या आता रोज पिसूनच चालतात, आणि आणखी तीन बारीक दोष त्यातूनच सापडले. सकाळी बटण दाबलं की पुढची अकरा मिनिटं तिला अजूनही काही सुचत नाही.

महिन्याभराने तिने वहिनीला फोन केला आणि विचारलं, "एक पूर्ण पाळी मला तुमच्या वॉर्डात उभं राहू द्याल? तुम्ही लोक खरंच काय काय दाबता, ते बघायचंय."

वहिनी म्हणाली, "मोठ्या नर्सबाईंची परवानगी काढते. ये. पण मधे मधे करू नकोस, आणि कुणाला शिकवू नकोस."

ती गेली. भिंतीला पाठ लावून, वही छातीशी धरून उभी राहिली. एका नर्सने एका हाताने बाळ धरलं होतं आणि कोपराने संगणकाच्या पडद्यावरची बटणं दाबत होती. दुसरीने दोन खाटांचे पंप एकदमच थांबवले. तिसरीने अर्धवट भरलेलं पान तसंच सोडून दुसरीला हाक मारली, "तू पूर्ण कर गं!" पहिल्या अर्ध्या तासात तिच्या वहीची दोन पानं भरली, आणि पाळी संपायला अजून साडेसात तास होते.