न्यीमाच्या शिव्या

गाम्बिया स्वतंत्र झाल्यावरच्या पहिल्याच निवडणुकीत राजधानीतले वकील सुलेमान नजाय नदीकाठच्या गावांतून उभे राहिले, आणि आल्या आल्या त्यांना घबाड सापडलं. समोरचा उमेदवार बकारी, भुईमुगाचा शेतकरी. त्याची सख्खी आतेबहीण न्यीमा त्याला भर बाजारात शिव्या घालत होती.

"हा खादाड पेरणीचं बियाणंसुद्धा भाजून खातो. याच्यापेक्षा आमचं गाढव शहाणं."

वकिलांनी तिला सुपारीसारख्या चघळायच्या ओंजळभर कोलाच्या बिया दिल्या, जीपमध्ये पुढे बसवलं आणि गावोगाव बोलायला लावलं. बाई तोंडाची फाटकी. लोक पोट धरून हसायचे. बकारी समोर असला तर तोही हसायचा. वकील मनातल्या मनात मंत्र्याच्या खुर्चीत बसूनही आले.

मतदान म्हणजे ज्याला मत द्यायचं त्याच्या पिंपात गोटी टाकायची. संध्याकाळी पिंपं उपडी केली, तेव्हा बकारीच्या गोट्या चटईवर मावेनात आणि वकिलांच्या त्यांच्याच टोपीत मावल्या.

"न्यीमाबाई, एवढ्या शिव्या ऐकूनही लोकांनी त्यालाच निवडलं?"

"मामे-आते भावंडं आम्ही. शिव्या थांबल्या की नातं तुटलं असं समजतात इथं."

"पण माझ्याबद्दल तर तुम्ही एकही वावगा शब्द बोलला नाहीत."

"कशी बोलणार साहेब? प्रत्येक गावात आदरानंच नाव घेतलं तुमचं," न्यीमा कोला चघळत म्हणाली. "लोकांना लगेच कळलं, हा माणूस आपला कुणीच नाही."