तांबडीचा खुराक

"अवो, बेगीन येवा! तांबडी उठना!"

वत्सलेची हाक ऐकून महादेव काजूची दारू गाळायच्या भाटीवरून धावत आला. गोठ्यात तांबडी मान टाकून पडलेली, डोळे तारवटलेले, पोट एका बाजूने टम्म फुगलेलं. तिची दोन कोकरं आचळं शोधत अंगावर चढत होती आणि वत्सला रिकामा तांब्या हातात धरून रडत होती.

आता गोव्यात मेंढी कोण पाळतं हो? कोरगावात तर कोणीच नाही. पण हरमलच्या ऋतिकाने मेंढीच्या दुधाचं चीज करायचं ठरवलं, दूध कोण देईल म्हणून गावभर विचारलं, आणि जन्मभर नवऱ्याच्या भाटीसाठी काजूचे बोंडू वेचत आलेल्या वत्सलेने पन्नाशी उलटल्यावर हात वर केला. घाटावरून दोन मेंढ्या आल्या, त्यातली दुभती एकटी तांबडी. गावाने थट्टा केली, सगळ्यात जास्त महादेवने. "आता डोक्यार घोंगडा घे नि हातात काठी धर," असं तो येता-जाता म्हणायचा. ती हसण्यावारी न्यायची, पण मनाला लागायचं. आज दुपारी ऋतिका पहिलं दूध न्यायला येणार होती, आणि आजच हे!

"मीच मारलंय हिका," वत्सला हुंदके देत म्हणाली. "डॉक्टरणीन पावडर दिली, खुराकात एक चमचो घाल म्हणान सांगितला. दूध वाढात म्हणान काल मी तीन घातलंय. हावरी मेली मी!"

महादेवने कान खाजवत कोपऱ्यातली रिकामी पाटी पायाने मागे सारली.

तिने गुरांच्या डॉक्टरीणबाईंना, संजनाला, फोन लावला.

"पावडरीनं असं पोट फुगत नाही, वत्सलाबाय. तीन चमच्यांचं आपण नंतर बघू. दुसरं काय खाल्लं तिनं?"

"गवात नि पेंड. दुसरा काय नाय."

"चोथो," महादेव मागून पुटपुटला. "बोंडूचो. काल सांजेक पाटी भरून मी घातलंय."

सोऱ्यासाठी, म्हणजे दारूसाठी, रस काढून उरलेला चोथा कडक उन्हात वाळवून मूठभर घातला, तर गुरं दुधाला चढतात, हे भाटीवाल्याला कोणी शिकवायला नको. पण वाळवायची सवड कोणाला? पिंपात आंबून फसफसलेला चोथा त्याने तसाच पुढ्यात ओतला, आणि तांबडीने गोड लागतो म्हणून पाटी चाटूनपुसून साफ केली.

"पण कित्याक?" वत्सला ओरडली.

"दूध कमी पडला असता तर त्या बाईसमोर तुझा तोंड पडला असता," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"अहो, चढलीय तिला!" फोनमधून संजना म्हणाली. "पोटात आम्ल झालंय. खायचा सोडा पाण्यात कालवून हळूहळू पाजा. उभी करा, चालवत राहा. मी निघालेच."

वत्सलेला नवऱ्यावर खूप रागवायचं होतं. पण आधी तांबडी. "धरा फुडसून," एवढंच ती म्हणाली.

सोडा पाजला. मग दोघांनी दोन्हीकडून धरून तांबडीला अंगणभर फिरवलं. ती झोकांड्या खात चालली होती. कुंपणापलीकडून शेजारच्या पार्वतीने विचारलंच, "काय गे, मेंढयेक सोरो चढलो?"

"चढलो तर चढलो!" वत्सला फणकारली. "घरचो आसा, इकतचो न्हय!"

संजना आली, इंजेक्शन देऊन गेली. दुपारी तांबडीने मोठा ढेकर दिला आणि शांतपणे रवंथ करू लागली. वत्सला खांबाला टेकून बसली. जीव भांड्यात पडला होता. ती रडतही होती आणि हसतही होती.

तेवढ्यात ऋतिका किटली घेऊन आली.

"आज दूध नाय गो बाय," वत्सला म्हणाली. "तिका औषध दिलाहा. तसला दूध मी तुका दिवचंय नाय. चार दिसांनी ये."

"येईन की," असं म्हणून ऋतिका कोकरांना कुरवाळत बसली. ती दुसरीकडे जाणार नव्हती, हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं.

ती गेल्यावर वत्सला अंगणात आली. महादेवने ताडपत्रीवर चोथा पातळ पसरून वाळत घातला होता. ऊन लागतं म्हणून डोक्यावर टॉवेल घेऊन, हातात काठी धरून, तो कावळे हाकत उभा होता.

वत्सला त्याच्याकडे बघत राहिली.

"घोंगडा आणून दिव काय?" तिने विचारलं.

"आण," महादेव म्हणाला आणि काठी आपटून कावळा उडवला.