बारा पूर्ण

सकाळी सव्वासातला शाळेची पिवळी बस पेट्रोल पंपाच्या अलीकडे कडेला थांबली, ती थांबलीच. इंजिन ठणठणीत होतं, चाकांत हवा होती, ड्रायव्हर शुद्धीवर होता. अडचण एवढीच, की बसमधल्या एका मुलीचा वाढदिवस होता.

नियम असा, की बारा वर्षांच्या आतली तीन मुलं मिळून दोघांची जागा. बारा पूर्ण झाली की मूल अख्खं. या बसमध्ये बाकाबाकावर तीन-तीन लहान मुलं बसत आणि बस मर्यादेच्या काठोकाठ भरे. आज मागल्या थांब्यावर चढलेली मुलगी चॉकलेटं वाटत वाटत दारापाशी मावशींकडे पोचली.

मावशी म्हणजे बसवरच्या मदतनीस बाई. मुलांच्या मावशी आणि ड्रायव्हरच्या आक्का, कारण त्या त्याच्या बायकोची थोरली बहीण. या नोकरीसाठी त्यांची शिफारस त्यानंच केली होती. माणसाला कधी काय सुचेल सांगता येत नाही.

"कितवं लागलं गं?" आक्कांनी चॉकलेट सोलत विचारलं.

"लागलं नाही, मावशी. बारा पूर्ण झाली!"

आक्कांनी चॉकलेट पुन्हा कागदात गुंडाळलं. "जावईबापू, गाडी बाजूला घ्या."

"अहो आक्का, कालपर्यंत बसत होती की ती."

"काल लहान होती."

"एका रात्रीत अशी किती रुंद झाली असेल?"

"ते तिला विचारा. माझ्या हिशेबी बसमध्ये माणूस जास्त आहे."

ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. पुढच्या चौकात तपासणीवाले उभे असतात. मागे एकदा इंजिनाच्या झाकणावर चार मुलं बसवलेली सापडली, तेव्हा ताकीद मिळाली होती. आता पुन्हा सापडला तर लायसन्स जप्त, म्हणजे घरी चूल थंड. तरी त्यानं धीर धरला. "तोंडाकडे बघून वय कोण ओळखतंय?"

मुलीनं आपली छाती पुढे काढली. तिच्या फ्रॉकवर बशीएवढा चकाकता बिल्ला होता आणि बिल्ल्यावर लाल अक्षरांत बारा.

"बाळा, जरा काढून ठेव हं तो," ड्रायव्हर लाडानं म्हणाला. मुलीनं असं भोकाड पसरलं, की पंपावरचा माणूस नळी हातात धरून बघत राहिला.

एक तरी उतरला पाहिजे हे कळताच मागून हात वर झाले.

"काका, मी उतरतो!"

"काका, याला गणिताची चाचणी आहे म्हणून उतरतोय. माझं खरंच पोट दुखतंय!"

"गप बसा सगळे," आक्का गरजल्या. "पोरगं रस्त्यात उतरवायचं नाही. घरच्यांच्या हातीच द्यायचं."

मग मुलीच्या घरी फोन गेला. वडील ऑफिसचे कपडे आणि डोक्यावर हेल्मेट अशा थाटात स्कूटरवरून आले. "द्या इकडे, मी सोडतो तिला," ते म्हणाले. ड्रायव्हरला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आक्कांनी मुलीच्या गळ्यातलं कार्ड उलटून पाहिलं. "मूल कोणाच्या हाती द्यायचं, त्यासाठी यावर आईचा फोटो आहे."

"पप्पा!" मुलगी ओरडली.

"ऐकलंत ना? पप्पा म्हणतेय ती!"

"म्हणेना. मी कुठे नाही म्हणतेय? पण फोटो नाही."

वडिलांनी हेल्मेट काढलं, जणू टक्कल पाहून आक्कांची खात्री पटणार होती. मग त्यांनी बायकोला फोन लावला. ती नर्स होती, रात्रपाळी संपवून नुकतीच दवाखान्यातून निघत होती. फोनवर काय ऐकू आलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. "येतेय," एवढंच म्हणाले आणि स्कूटरला टेकून उभे राहिले.

तोवर चौकातल्या तपासणी अधिकाऱ्याला या थांबलेल्या बसचा संशय आला. तो चालत आला आणि पायरीवर पाय ठेवणार तोच आक्का आडव्या आल्या.

"साहेब, वर येऊ नका. आधीच एक जास्त आहे."

ड्रायव्हरनं कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. हॉर्न वाजला.

अधिकाऱ्यानं खालूनच सगळी हकिगत ऐकली. "पण गाडी तर उभी आहे," तो विचारात पडून म्हणाला. "उभ्या गाडीत एक जास्त बसला तर गुन्हा होतो का?" हे त्यालाही माहीत नव्हतं. त्यानं वरिष्ठांना फोन केला, "हो साहेब, हो साहेब" करत ऐकलं आणि फोन खिशात टाकला.

"मुलगी इथेच चढली असेल, तर गाडी एक जास्त घेऊन चाललीच नाही. प्रश्न मिटला. मागून बसून आली असेल, तर मात्र लायसन्स माझ्याकडे. बाई, कुठे चढली?"

वडील स्कूटरचा आरसा पुसू लागले. मुलांना कोणी विचारलं नाही, नाहीतर त्यांनी एका सुरात सांगितलं असतं. ड्रायव्हरनं आक्कांकडे पाहिलं. खोटं बोलणं आक्कांना जमत नसे. त्याच्या लग्नातसुद्धा "मुलगा कसा वाटला" या प्रश्नाला त्यांनी खरं उत्तर दिलं होतं. पण धाकट्या बहिणीचं घर या गाडीवर चालतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

"बाई, मी काय विचारलं?"

"ऐकलं. आधी मुलं मोजते, मग सांगते," आक्का म्हणाल्या आणि मागच्या बाकाकडे गेल्या.

मुलीची आई अजून वाटेत आहे. अधिकारी दाराशी उभा आहे. मुलं सारखी जागा बदलताहेत, त्यामुळे मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आहे आणि या खेपेला आक्का कोणालाही जागेवर बस म्हणून ओरडलेल्या नाहीत.