कुळथाचं कढण

नोव्हेंबर २००७ मधला तो बुधवार. डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "काय खायला घालताय तुम्ही ह्यांना?" पोटॅशियम सहाच्या वर. सोमवारपर्यंत खाली आलं नाही तर डायलिसिस. काशीनाथ, माझा नवरा, शेजारी बसून पंख्याकडे बघत होते, जणू दुसऱ्याच कुणाच्या किडन्यांबद्दल चाललंय.

काय खायला घालते? आठ महिने मी शेंगदाण्याचा कूट घरात येऊ दिला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण ताकद म्हणून काजू-बदामाचं पाकीट आणतो, ते मी त्याच्यादेखत शेजारच्या पायलला देऊन टाकते. लोक नाराज होतात. होऊ देत. तूरडाळ रात्रभर भिजवायची, पातेलंभर पाण्यात उकडायची, पाणी मोरीत ओतायचं आणि मग अर्धी वाटी वरण. पहाटे पाचला उठून हे सगळं करते, मग ऑफिस गाठते. आणि डॉक्टर मलाच विचारतो!

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकला. पेणकरपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत शिरले तर लसणाच्या फोडणीचा घमघमाट. काशीनाथ वाटी तोंडाला लावून बसलेले. समोर त्यांची थोरली बहीण, कांताताई, हातात पळी. मी दिवसभर बाहेर, म्हणून मदतीला गुहागरहून आलेल्या.

"काय आहे ते?"

"कुळथाचं कढण," ताई म्हणाल्या. "घरचे कुळीथ आणलेत. बाबांचा मुतखडा ह्यानंच पडला ना. किडनीला ह्याच्यासारखं औषध नाही."

"कधीपासून देताय?"

"आल्यापासून. रोज दुपारी. तू चिडशील म्हणून बोलले नाही."

त्यांना येऊन महिना झाला होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली. "ह्यांना खडा नाही झालेला, ताई! किडन्याच निकामी होतायत. कडधान्यातलं जे पोटॅशियम पाण्यात उतरतं तेच ह्यांना विष. ते मी सकाळी ओतून देते, आणि तुम्ही दुपारी वाटी भरून पाजताय!"

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "मला कुणी सांगितलंच नाही गं. तू नुसतं म्हणालीस, डाळीचं पाणी टाका."

खरं होतं. मी हुकूम सोडले होते, कारण सांगायला थांबले नव्हते. पण ते कबूल करायला मी तयार नव्हते. आणि एकाएकी डोक्यात आलं, एका माणसाला कारण पक्कं माहीत होतं. डाएटिशियनबाई समजावत होत्या तेव्हा तो माझ्या शेजारी बसून मान डोलावत होता.

"तुम्हाला ठाऊक होतं."

काशीनाथांनी वाटी खाली ठेवली. "होतं."

"मग?"

"ताई समोर बसून वाढते, शुभदा. अजून घे म्हणते. तू आठ महिने पेशंटला जेवण देतेस. नवऱ्याला एकदा तरी वाढलंस?"

 मी जी ओरडले ती खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेली असेल. "नाही वाढलं! नवरा उरायला हवा ना आधी! तो सोमवारी मशीनला जोडला की कुणाला वाढू मी?"

ताई पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या. मी त्यांना गप्प केलं नाही. कढणाचं पातेलं मोरीत उपडं केलं.

"सकाळचं वरण आहे ना?" काशीनाथ हळूच म्हणाले. "वाढ."

मी अर्धी वाटी वाढलं.

"बस ना जरा."

मी बसले नाही. महिनाभर त्यांनी जाणूनबुजून ते विष पोटात घातलं होतं, आणि सोमवार चार दिवसांवर होता.