सगळ्या एकांचे दोन

रंगाच्या कारखान्यात नवं यंत्र आलं आणि नळांनी जागा बदलल्या. जुन्यात एक नंबरच्या नळातून निळा यायचा, दोनमधून पिवळा. नव्यात नेमकं उलटं. म्हणून संगणकातल्या मागणीच्या तक्त्यात, 'नळ' या रकान्यात, जिथे एक तिथे दोन आणि दोन तिथे एक करायचं होतं. काम आलं धाकटीकडे. तिचा जीव मात्र ताईच्या घरात अडकलेला. निळ्या घरात राहायचं हे ताईचं लहानपणापासूनचं वेड. ती संध्याकाळी लेकाकडून परतायच्या आत भिंती निळ्या करून दाखवते, असा शब्द धाकटीने दिलेला.

तिने एका झटक्यात सगळ्या एकांचे दोन केले, मग सगळ्या दोनांचे एक, आणि हात झटकून चहाला गेली.

दुपारी रंगाऱ्याचा फोन. "मॅडम, अख्खी गल्ली पिवळी झाली! निळा मागणारे डोळे वटारून उभेत."

"आणि ताईचं घर?"

"ते शेवटचं. डबा उघडला, तोही पिवळाच. ब्रश बुडवू?"

"बुडवून तर बघ!"

धाकटीने रकाना उघडला. वरपासून खालपर्यंत नुसते एक. आधीचे एक दोन झाले होते, आणि जुन्या दोनांबरोबर तेही परत एक! कपाळावर हात मारून तिने मूळ तक्त्याची प्रत काढली. आता एकांना आधी तीन केलं, कारण तीन नंबरचा नळ यंत्राला नव्हताच. मग दोनांचे एक, शेवटी तीनांचे दोन. पहिला निळा डबा तिने स्वतःच स्कूटरवर घातला.

इकडे गल्लीचं तेज असं, की कोंबडे भरदुपारी पुन्हा आरवले, दोन कुत्री सावली शोधत परागंदा झाली आणि एका आजोबांनी खिडकीत ठेवलेलं गार पाणी उकळायला लागलं. शेजाऱ्यांना निळा रंग फुकट मिळणार होता, पण निम्म्यांनी नकोच म्हटलं; संध्याकाळ झाली तरी घरात दिवा लावावा लागत नव्हता.

ताई कोपऱ्यावर उतरली. "अगं बाई, गल्लीला कावीळ झाली की काय?"

"तू पुढे तर चल."

शेवटच्या वळणावर ताईचे पाय थबकले. त्या सगळ्या पिवळ्यात तिचं एकटीचं घर निळंशार. ती पिशव्या खाली टाकून थेट भिंतीकडे निघाली.

"ताई, ओलं आहे! टेकू नकोस!"

ताई खुशाल पाठ लावून टेकली.