दगडांमधलं यक्षपूर

रविवारी सकाळपासून फरीदाबादबाहेरच्या खडकाळ टेकड्यांखाली मारुती गाड्यांची रांग लागायची. दिल्लीच्या मयूर विहारहून तर खास बस यायची. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. रोज नवं सेक्टर वसत होतं, घरोघरी केबल आली होती, आणि हीच मंडळी एका गुहेत दाटीवाटीने बसून शिलानाथबाबांचं यक्षपूर बघत होती.

गुहेच्या टोकाला नुसते दगड होते. बाबा आसनावर बसून हाक मारत, आणि त्या दगडांच्या मधोमध अख्खं गाव उजळायचं. घरं, वळणाची वाट, देऊळ. गेलेली पुण्यवान माणसं तिथे यक्षांसोबत राहतात, असं बाबा सांगत. बाबांनी फुंकर मारली की सगळं गायब. मात्र मध्ये बांधलेली दोरी कुणी ओलांडायची नाही, यक्ष कोपतात.

मी कारखान्यात इंजिनियर होतो. माझी बायको चंद्रप्रभा शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची. आम्ही या प्रकाराला हसत होतो, ते एका शनिवारी शेजारच्या द्वारकाकाकू घरी येईपर्यंत. त्यांचे यजमान विनायकराव वर्षापूर्वी गेले होते.

"प्रभा, हे दिसले नाहीत, पण यांचं घर दिसलं," काकू म्हणाल्या. "देवळाशेजारचं. बाबांनी दाखवलं."

"काकू, तुमचा चेहरा असा का उतरलाय? इन्सुलिन घेताय ना?"

"सोडलं गेल्या आठवड्यात. बाबा म्हणतात, सुई से काया भारी होती है. हलकी झाले की मलाही त्या गावात जाता येईल."

चंद्रप्रभाने पुष्कळ समजावलं. काकू ऐकेनात. शेवटी ती म्हणाली, "बरं, उद्या आम्हालाही न्या. पण परत आल्यावर डॉक्टरांकडे यायचं."

दुसऱ्या दिवशी गुहेतले दिवे मालवले आणि गाव उजळलं. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

"देखो भक्तों," बाबा म्हणाले, "यह वह ग्राम है जहाँ न बिजली का बिल आता है, न मकानमालिक."

"प्लॉट मिलेगा?" मागून एकाने मनापासून विचारलं.

"पुण्य से मिलेगा, बेटा."

चंद्रप्रभा माझ्या कानाशी आली. "अहो, देवळावरचा ॐ बघा. उलटा आहे. आरशात दिसतो तसा."

मग ती काकूंकडे वळली. "काकांना पेढे आवडायचे ना?"

"फार."

"मग हातातला प्रसाद त्यांनाच द्या की. घर तर समोर आहे."

काकूंनी डोळे पुसले आणि पेढा घराच्या दिशेने फेकला. टक् असा आवाज झाला. पेढा देवळाच्या कळसावर, अधांतरी चिकटून राहिला.

"यक्षों ने भोग स्वीकार किया," बाबा घाईने म्हणाले.

"तो खा क्यों नहीं रहे?" प्लॉटवाल्याने विचारलं.

तेवढ्यात चंद्रप्रभा दोरीखालून पलीकडे गेली आणि तिने हवेत बांगडी वाजवली. खणखण आवाज आला. मी टॉर्च लावला. गुहेच्या रुंदीभर तिरकी उभी केलेली स्वच्छ काच होती. बाजूच्या कपारीत, बसल्या जागेवरून दिसणार नाही असं, पुठ्ठ्याचं गाव मांडलेलं होतं. त्यात छोटे बल्ब होते, आणि त्यांची वायर गाडीच्या बॅटरीवरून बाबांच्या पायाखालच्या बटणापर्यंत आली होती.

"रात को खिड़की के बाहर अपना ही कमरा दिखता है ना?" तिने लोकांना सांगितलं. "वही बात है. गाँव उधर है, काँच में परछाईं इधर दिखती है."

द्वारकाकाकू भिंतीला धरून कपारीपर्यंत आल्या. त्यांनी देवळाशेजारचं पुठ्ठ्याचं घर बोटाने दाबून पाहिलं. ते चेपलं.

"म्हणजे हे इथे नाहीत."

"नाहीत, काकू."

त्या तिथेच बसून रडल्या. यजमान गेले तेव्हाही आम्ही त्यांना इतकं रडताना पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मला गरगरतंय गं. चल डॉक्टरांकडे."

त्यांची साखर इतकी चढली होती की डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं. "आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं," ते म्हणाले. काकू बऱ्या होऊन घरी आल्या आणि पुढे कितीतरी वर्षं आमच्याशी पत्ते खेळताना लबाडी करत राहिल्या. बाबा त्या गोंधळात निसटले होते. ते पुढे पानिपतजवळ नवं यक्षपूर उभारताना काचेसकट पोलिसांच्या हाती लागले.

लोक म्हणतात, शिकलेली माणसं फसतात कशी? काकूंचं शिक्षण कमी नव्हतं, त्यांना नवरा हवा होता. दुःखी माणूस आशेला लवकर भुलतो, आणि हे लबाडांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी जवळ जाऊन बघा, प्रश्न विचारा. जो बघू देत नाही, त्याच्या शब्दावर चालू असलेलं औषध तर कधीच थांबवू नका.