एक्कावन्नावं नाव

कॉलेज म्हणजे सह्या गोळा करायचं ठिकाण, असं धाकटीचं ठाम मत होतं, आणि ते ती जेवताना, भांडी विसळताना, अगदी तोंडात ब्रश असतानाही ऐकवायची. हजेरीची सही, फाइलवर सही, प्रोजेक्टवर सही. शिकायचं ते आपलं आपण, घरच्या कॉम्प्युटरवर. घरात सगळ्यांत लहान म्हणून तिला सगळे धाकटीच म्हणत. कॉलेजात मात्र तिचा मान मोठा होता. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ज्याला जमत नसे, तो तिचं दार वाजवायचा. ती पंधरा दिवसांत प्रोग्रॅम लिहून द्यायची आणि तोंडी परीक्षेत काय विचारतील त्याची उत्तरंही एका कागदावर उतरवून द्यायची. घेणारा खूश, देणारी खूश. आणि सर मंडळी? त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण सगळ्यांचे प्रोजेक्ट वेळेत जमा होत असताना नसती उठाठेव कोण करतो!

वाचकहो, अशी एखादी हुशार मुलगी तुमच्याही ओळखीत असेल. तुम्ही-आम्ही तिचं कौतुकच केलं असेल.

कौतुक करत नव्हती ती एकटी आत्या. आत्या डोळ्यांच्या दवाखान्यात मुख्य परिचारिका. नव्या नर्स तिच्या हाताखाली तयार व्हायच्या.

"तू लिहून देतेस, मग तो काय शिकतो?" तिने एकदा विचारलं.

"त्याला शिकायचंच नसतं गं आत्या. पदवी मिळाली की सुटला."

"आणि पुढे?"

"पुढचं त्याचं तो बघेल. मी काय त्याची आई आहे?"

आत्या पर्स उचलून कामावर निघाली. तिने असा विषय सोडला की धाकटीला आपण जिंकल्यासारखं वाटायचं.

त्याच आत्याच्या शब्दावर धाकटीला पहिलं बाहेरचं काम मिळालं. दवाखान्याच्या बैठकीच्या खोलीत कॉम्प्युटरवर चालणारी पाटी लावायची होती. कितवा नंबर चालू आहे, कुणी कुठल्या खोलीत जायचं, ते त्या पाटीवर दिसायला हवं होतं. कॉलेजात जमा करून विसरून जायचं हे काम नव्हतं, खरी माणसं ते रोज वापरणार होती. धाकटी इस्त्रीचा शर्ट घालून, वही-पेन घेऊन वेळेआधी पोचली.

कॉम्प्युटरच्या खोलीत बसला होता लंबू! तिच्या कॉलेजचा, एक वर्ष पुढचा. गेल्या वर्षी त्याचा प्रोजेक्ट तिनेच लिहिला होता. ऑपरेशन झालेल्या माणसांना तपासणीला कधी बोलवायचं, त्याची रोजची यादी काढणारा प्रोग्रॅम. मुलाखतीत तो दाखवूनच लंबूला ही नोकरी लागली होती, आणि दवाखान्याने तोच प्रोग्रॅम कामाला लावला होता.

तिला पाहताच लंबूचा चेहरा पांढराफटक पडला. तिला जवळजवळ ओढतच तो जिन्यात घेऊन गेला.

"देवासारखी आलीस बघ. तुझी यादी माणसं गाळते."

"माझी?"

"बरं, माझी. आधी सगळं नीट चाललं होतं. महिन्यापूर्वी नवा कक्ष सुरू झाला, माणसं वाढली, तेव्हापासून नावं गायब व्हायला लागली. का होतं ते मला कळत नाही. रोज सकाळी दोन तास लवकर येऊन मी सगळे केसपेपर चाळतो आणि राहिलेली नावं हाताने लिहितो. तरी एखादं सुटतंच. कुणाला सांगू नकोस. सुधारून दे फक्त."

धाकटीने खोलीत परत येऊन प्रोग्रॅम उघडला. चूक सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत, कारण ती तिने स्वतःच घातली होती. कॉलेजातले कॉम्प्युटर संथ, आणि परीक्षक दुसऱ्या पानापुढे पाहणार नाहीत याची तिला खात्री होती. म्हणून तिने यादी पन्नास नावांवर तोडून टाकली होती. दाखवण्यापुरतं काम, दाखवण्यापुरती यादी! एक्कावन्नावा माणूस त्या यादीत कधी येणारच नव्हता.

पन्नासच्या जागी पाच हजार लिहायचं, की झालं. कुणाला पत्ताही लागला नसता. तिची बोटं तिथवर गेलीसुद्धा.

तेवढ्यात आत्या आत आली. तिच्यासोबत एक टॅक्सीवाले काका होते, एका डोळ्यावर पट्टी.

"यांना सोमवारी बोलवायचं होतं. आज शुक्रवार. यादीत नाव का नव्हतं?"

"सिस्टर, ते... सोमवारी नेटवर्क गेलं होतं," लंबू म्हणाला.

"मला म्हणाले होते, आम्ही फोन करू," काका म्हणाले. "म्हणून मी आपला फोनजवळ बसून होतो. डोळा ठणकायला लागला, तरी वाटलं, यांच्यापेक्षा आपल्याला काय कळतंय? जाऊ द्या सिस्टर, पोराला बोलू नका. मशीनच ते, त्याला काय बोलायचं!"

आणि काकांनी लंबूच्या खांद्यावर हात ठेवला. ज्याच्यामुळे डोळा जायची वेळ आली, त्याचीच ते समजूत काढत होते!

"मशीन नाही, काका," ती उठून उभी राहिली. "चूक माझी आहे. हा प्रोग्रॅम मी लिहिलाय. परीक्षेत दाखवण्यापुरता."

लंबूने डोळे गच्च मिटून घेतले. आत्याने काकांना दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमकडे पोचवलं आणि परत येऊन दार लोटून घेतलं.

"आत्या, मी त्याला मदत केली होती गं," धाकटी रडवेली झाली. "तो अडला होता."

"अडलेल्याजवळ बसणं ही मदत. माझ्याकडच्या पोरी पहिल्यांदा डोळ्यात औषध घालतात तेव्हा त्यांचा हात थरथरतो. मला दिसत असतं. मी घातलं तर एका मिनिटात काम होईल. पण मी हात मागे बांधून उभी राहते. कारण ज्या दिवशी मी नसेन, त्या दिवशीही रुग्ण असणारच आहे." मग ती लंबूकडे वळली. "आणि तू रे? रोज दोन तास लवकर येऊन कष्ट करतोस. म्हणजे आळशी तर तू नाहीस. मग तेव्हाच का नाही शिकलास?"

"मला वाटलं, मला जमणारच नाही," लंबू पुटपुटला. "ही इतक्या झटपट करायची, की माझं प्रयत्न करून बघायचं राहूनच गेलं."

हे मात्र धाकटीला फार लागलं. आपण एका मित्राच्या वाटचं शिकणं खाऊन टाकलं, आणि वर त्याला उपकार समजत होतो!

दोघं डॉक्टर मॅडमसमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं. मॅडम ओरडल्या नाहीत.

"आणखी दोन दिवस गेले असते तर त्या माणसाची नजर गेली असती," त्या एवढंच म्हणाल्या. मग लंबूला म्हणाल्या, "दोन महिने देते. हा प्रोग्रॅम तुला स्वतःला कळला पाहिजे. तोवर रोजची यादी हातानेही लिहायची, सिस्टर ती तपासतील." आणि धाकटीला, "पाटीचं काम मी दुसऱ्याला देतेय. इतक्यात तुझ्यावर भरवसा ठेवता येणार नाही."

पहिलं काम हातचं गेलं. धाकटीने मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेज सुटल्यावर ती लंबूशेजारी येऊन बसू लागली. फुकट. बटणं त्याने दाबायची, हिने फक्त विचारायचं, "ही ओळ काय करते?" तो अडखळायचा, वैतागायचा. हिचे हात शिवशिवायचे. मग ती ते मांडीखाली दाबून बसायची. कॉलेजात तिघांचे प्रोजेक्ट लिहून द्यायचे ठरले होते. "शेजारी बसेन, लिहून देणार नाही," असं तिने सांगितल्यावर दोघे शिव्या घालत गेले. एक जण थांबला.

काकांचा डोळा हळूहळू निवळला. दुसरा महिना संपत आला तेव्हा एका दुपारी लंबूने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"इथे चुकलंय तुझं. ज्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होतं, त्यांची दुसऱ्या डोळ्याची तारीख पहिली तारीख पुसून टाकते. एका डोळ्याची तपासणी राहूनच जाते. मी रोज यादी लिहून फोन करतो ना, म्हणून लक्षात आलं."

धाकटीने वाचलं, पुन्हा वाचलं. चूक होती! तिच्या स्वप्नातही आली नसती अशी. तिला आधी राग आला, मग हसू आलं आणि मग डोळे भरून आले.

"आता तूच दुरुस्त कर," ती म्हणाली.

"मग काय, तुला थोडीच हात लावू देणार आहे!"

मित्रहो, आपण मुलांची चित्रं रंगवून देतो, भावाचा निबंध लिहून देतो, मैत्रिणीची वही उतरवून देतो आणि त्याला प्रेम म्हणतो. शिकणाऱ्याला उशीर लागू द्या, त्याला चुकू द्या, वैतागू द्या. त्याच्याजवळ बसा, पण त्याचं काम त्याच्या हातातून काढून घेऊ नका. उद्या कुणीतरी त्याच हातांवर विसंबून घरी फोनची वाट पाहत बसणार आहे.